हात गेलेला नाही, टॅब्लेट लहान पडतोय

ऐरोलीच्या एका काकांनी प्रश्न पाठवलाय. 31 वर्षं त्यांनी पत्र्यावर आणि कापडावर अक्षरं रंगवली. दुकानांच्या पाट्या, मंडळांचे फलक, गाड्यांचे नंबर, सगळं. आता मुलानं कॉम्प्युटर आणि 24 इंची मॉनिटर घेऊन दिलाय आणि अक्षरांचं काम त्यावर शिकायचं काकांच्या मनात आहे. शेजारच्या मुलाचा लहान ग्राफिक्स टॅब्लेट, म्हणजे खास पेनानं काढलेलं मॉनिटरवर उमटवणारी पाटी, त्यांनी चार दिवस वापरून बघितला, तर शिरोरेषा थरथरते, गोल चपटे येतात. ‘माझा हात गेला की काय’ असं त्यांनी लिहिलंय. दुकानदार म्हणतो लहान पुरे. मुलगा म्हणतो, घ्यायचा तर सगळ्यात मोठा, बाबा एवढे मोठे फलक रंगवायचे. टेबल 3 फूट लांब, दीड फूट रुंद. कुठला घेऊ?

काका, तुमचा हात जागेवर आहे. मध्यम आकाराचा घ्या, म्हणजे ज्याच्यावर पेन उमटतं तो भाग 22 ते 25 सें.मी. रुंद आणि 13 ते 16 सें.मी. उंच असेल असा. लहान घेऊ नका आणि या टेबलावर मोठाही घेऊ नका. का ते सविस्तर सांगते, कारण हाच प्रश्न माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पडतो. मी नौपाड्यात राहते, 17 वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं आणि अक्षरांकन करतेय. माझं अक्षरावरचं प्रेम गोखले रोडवर शिडीवर उभं राहून पाट्या रंगवणाऱ्या माणसांना बघून सुरू झालं. त्यामुळे तुमच्या पत्राचं उत्तर मनापासून लिहितेय.

आधी मुलाचा मुद्दा. फलक 10 फुटी आहे म्हणून टॅब्लेट मोठा लागत नाही. टॅब्लेटचा संबंध चित्राशी येतच नाही, तो मॉनिटरशी येतो. पाटीच्या, म्हणजे टॅब्लेटच्या, डाव्या वरच्या कोपऱ्यात पेन धरलं की बाण पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जातो, उजव्या खालच्या कोपऱ्यात धरलं की तिकडे. माऊस उचलून परत मागे ठेवता येतो, पेनाचं तसं नसतं. पाटीवरची प्रत्येक जागा पडद्यावरच्या एका जागेशी बांधलेली असते. फलक 10 फुटी असो की व्हिजिटिंग कार्ड, तुम्ही तो पडद्यावर झूम करून जेवढा भाग समोर आणाल तेवढाच भाग पाटीवर असतो.

म्हणून खरा हिशोब एवढाच: हात जेवढा हलतो त्याच्या किती पट रेषा पडद्यावर जाते? 24 इंची मॉनिटरचा पडदा साधारण 53 सें.मी. रुंद आणि 30 सें.मी. उंच असतो. लहान टॅब्लेटचं नेहमीचं माप 152 बाय 95 मि.मी. आहे, वॅकॉम कंपनीच्या ‘वन बाय वॅकॉम’चा लहान टॅब्लेट याच मापाचा. म्हणजे हात 1 सें.मी. सरकला की पडद्यावर रेषा साडेतीन सें.मी. जाते. हात अर्धा मिलिमीटर हलला तर तोही साडेतीन पट होऊन दिसतो. 1920 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर हे 6 पिक्सेल होतात, आणि शिरोरेषेच्या सरळ कडेवर 6 पिक्सेलचा खड्डा कुणालाही दिसेल. तुम्ही पत्र्यावर जेवढा स्थिर हात ठेवत होतात तेवढाच आजही ठेवताय, फक्त समोर भिंग धरलंय. त्याच कंपनीच्या मध्यम टॅब्लेटचं माप 216 बाय 135 मि.मी. तिथे हा पट अडीचच्या आत येतो. मोठ्या, ए4 कागदाएवढ्या टॅब्लेटवर तो पावणेदोनपर्यंत उतरतो.

गोल चपटे येण्याचं कारण वेगळं आहे आणि त्यात तुमच्या हाताचा काहीच दोष नाही. त्या लहान टॅब्लेटची रुंदी-उंची 16:10 या प्रमाणात आहे आणि मॉनिटर बहुधा 16:9. पूर्ण पाटी पूर्ण पडद्याला जोडली की आडवी रेषा साडेतीन पट लांबते आणि उभी रेषा तीन पटीहून जराशीच जास्त. तुम्ही ‘ठाणे’ लिहायला घेतलंत तर पहिलाच ठ आडवा पसरतो. हात बरोबर गोल काढत असतो आणि डोळ्यांना लंबगोल दिसतो, मग हात घाबरून उलटी दुरुस्ती करायला लागतो. टॅब्लेटच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये ‘फोर्स प्रपोर्शन्स’ किंवा त्याच अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. पाटीची खालची एक पट्टी मग वापरात राहत नाही, मध्यम टॅब्लेटवर ती साधारण 13 मि.मी. असते. पण ठ गोल येतो. शेजारच्या टॅब्लेटवर आजच करून बघा, अर्धी भीती तिथेच जाईल.

आता जो भाग तुमच्यासारख्या रंगाऱ्याला सगळ्यात लवकर कळेल तो. रेषा कुठल्या सांध्यातून निघते? बारीक नक्षी बोटांतून येते, सही मनगटातून, लांब शिरोरेषा कोपरातून, आणि फलकावरची दोन फुटी वेलांटी खांद्यातून. तुम्ही डाव्या हातात काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवून रंगवत असाल. त्या काठीचं काम हेच की मनगट बांधून ठेवायचं आणि हात कोपराखांद्यातून सरकवायचा. लहान टॅब्लेटवर मात्र मनगट टेबलाला चिकटतं आणि सगळं काम त्याच्याच गळ्यात पडतं. मनगट एका जागी टेकवून हात फिरवला की पेनाचं टोक परकारासारखं फिरतं. मनगटापासून टोकापर्यंतचं अंतर 11 सें.मी. धरा आणि 15 सें.मी. लांबीची रेषा ओढा: बोटांनी सांभाळलं नाही तर मधोमध जवळजवळ 3 सें.मी.ची कमान येईल. तीच रेषा कोपर हा मध्य धरून ओढली, तिथून टोकापर्यंत 38 सें.मी. धरले, तर कमान पाऊण सें.मी. उरते. एवढी कमान हात नकळत सांभाळून घेतो, 3 सें.मी.ची कमान घेत नाही. तुमची शिरोरेषा मनगटानं कधी ओढलेलीच नाही काका, म्हणून ती थरथरली.

असं असेल तर मग मोठाच का नको? हा प्रश्न मी स्वतःवर करून बघितलाय. एका पुस्तकमालेचे पैसे हातात आले तेव्हा मी ए4 कागदाएवढ्या कामाच्या भागाचा टॅब्लेट घेतला. पहिला आठवडा फार सुंदर गेला, रेषा मोकळ्या येत होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी उजवा खांदा भरून यायला लागला. रेषा ओढून खांदा दुखत नव्हता, मधल्या फेऱ्यांनी दुखत होता. मेनू डावीकडे वर, रंग उजवीकडे, लेअर उजवीकडे खाली. दर अर्ध्या मिनिटाला हात पाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचा, दिवसाला शेकडो वेळा. मी शॉर्टकट शिकले, खुर्ची वर घेतली, तरी पुरतं सुटलं नाही. दोन वर्षांनी एका दुपारी धूळ पुसायला टॅब्लेट खिडकीशी नेला आणि उजेडात तिरका झाला तेव्हा एक गोष्ट दिसली. पाटीच्या मधोमध, जरा खालच्या अंगाला, एक चकचकीत चौकोन तयार झाला होता. पेनाचं टोक, म्हणजे निब, घासून घासून तिथला खरखरीत थर गुळगुळीत झालेला. कडेनं मात्र पाटी नव्यासारखी मॅट, हात लावला तर बारीक पॉलिश पेपरसारखी लागत होती. मी पट्टी आणून तो चौकोन मोजला: 20 सें.मी. रुंद, 12 सें.मी. उंच. ए4च्या पाटीचे पैसे दिले होते आणि हातानं परस्पर ए5 एवढी जागा निवडली होती.

तेव्हापासून मी मध्यमच वापरते, आणि अक्षरांचं काम करणाऱ्यांना दुसरं काही सुचवत नाही.

तुमच्या बाबतीत टेबलानं तर निकाल देऊनच टाकलाय. दीड फूट म्हणजे 457 मि.मी. मॉनिटरचं स्टँड साधारण 20 सें.मी. खातं, उरले 25 सें.मी. आणि थोडं. वॅकॉमच्या इन्ट्यूऑस प्रोचा जो मोठा टॅब्लेट बरीच वर्षं चालला त्याचं बाहेरचं माप 430 बाय 287 मि.मी. आहे, म्हणजे तो टेबलाच्या कडेबाहेर येणार. मध्यम वन बाय वॅकॉम 277 बाय 189 आहे, तो आरामात बसतो आणि डाव्या हाताला कीबोर्डही राहतो. काही जण मोठा टॅब्लेट कोनात तिरका ठेवून जागा काढतात. ते अजिबात करू नका. कागद तिरका ठेवायची आपल्याला सवय असते, पण पाटी पडद्याशी समांतरच हवी, नाहीतर सरळ ओढलेली रेषा पडद्यावर उतरणीला लागते. कागद फिरवावासा वाटला तर पडद्यावरचं चित्र फिरवायचं. फोटोशॉपमध्ये आर दाबून ते फिरतं.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा एक प्रयोग करा, त्याला पाच रुपयेही लागत नाहीत. ए4चे तीन कोरे कागद घ्या. एक तसाच ठेवा, दुसरा मधून दुमडून अर्धा करा, तिसरा दोनदा दुमडा. पहिला मोठ्या टॅब्लेटएवढा झाला, दुसरा मध्यम, तिसरा लहान, अगदी थोड्या फरकानं. आता एका वेळी एकच कागद मास्किंग टेपनं टेबलावर, तुमच्या पोटासमोर आडवा चिकटवा. मॉनिटर जागेवर, कीबोर्ड डावीकडे, खुर्ची रोजची. साधं बॉलपेन घ्या, नजर कागदावर न ठेवता मॉनिटरवर ठेवा आणि कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढा. वीस वेळा. मग पूर्ण कागदभर ‘दिवाळी’ लिहा, एकाच दमात, दोन्ही वेलांट्या पार कडेपर्यंत नेऊन.

मग कागदाकडे बघा. रेषा सरळ आहेत की नाहीत हे सोडून द्या, नजर दुसरीकडे असताना कुणाच्याच येत नाहीत. त्या कशा वाकल्या आहेत ते बघा. दोन्ही टोकं खाली आणि मध्य वर अशी कमान असेल तर मनगट फिरत होतं. सबंध रेषा एका बाजूला कललेली पण ताठ असेल तर कोपर काम करत होता. ताठ आणि कललेली रेषा चांगली समजा, कल पंधरा दिवसांत जातो. लहान कागदावर तुम्हाला बहुतेक कमानी दिसतील. ए4वर रेषा ताठ येतील, पण वरच्या डाव्या कोपऱ्याकडे जाताना खांदा कानाकडे उचलला जातोय का ते बघा. प्रत्येक कागद किमान वीस मिनिटं द्या. पाच मिनिटांत सगळेच कागद बरे वाटतात.

तुमच्यासारखं काम नसलेल्यांसाठी थोडक्यात. ज्यांचं सगळं काम 15.6 इंची लॅपटॉपवर चालतं त्यांना लहान टॅब्लेट खरोखर पुरतो. त्या लॅपटॉपचा पडदा साडेचौतीस सें.मी. रुंद, म्हणजे लहान टॅब्लेटशी पट सव्वादोनच्या आसपास, तुमच्या मॉनिटरला मध्यम टॅब्लेटनं मिळतो तेवढाच. ठाणे-वाशी लोकलनं रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या सॅकमध्ये तो वहीसारखा जातो आणि रोज सोबत राहिला तरच हात बसतो. फोटो सुधारणाऱ्यांना लहान चालतो, त्यांचे फटकारे आखूड असतात. वारलीसारखं बारीक, बोटांतून येणारं काम करणाऱ्यांचंही तेच. 27 इंची मॉनिटर असेल तर लहानाचा विचार सोडा. दोन मॉनिटर असतील तर पाटी एकालाच जोडा, नाहीतर मध्यम टॅब्लेटही लहानाहून वाईट वागतो. आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला मोठ्या कागदावर चित्र काढलेल्या मुलांचे पालक विचारतात की टॅब्लेट तेवढाच हवा ना. नको. त्या कागदावर सगळं चित्र एकदम मावावं लागतं, इथे झूम आहे.

स्क्रीनवाला टॅब्लेट, ज्यावर थेट पडद्यावर काढता येतं, त्याचा मोह तुम्हाला होईल कारण तो पत्र्याच्या सगळ्यात जवळचा वाटतो. तो वाईट नाही. पण किंमत कितीतरी जास्त, तुमच्या टेबलावर मॉनिटर आणि तो दोन्ही मावत नाहीत, आणि तासन् तास मान खाली राहते. 31 वर्षं मान वर करून रंगवलंय, आता समोर बघून काम करायची सवय लागली तर मानेला बरंच आहे. एक वर्ष साधा वापरा, मग ठरवा.

खरेदी करताना दोन मापांत फसगत होते. पहिली, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं माप कधी बाहेरच्या चौकटीचं असतं. तुम्ही ‘अ‍ॅक्टिव्ह एरिया’, म्हणजे पेन उमटतं तो भाग, विचारायचा आणि तोच वाचायचा. दुसरी, मॉनिटरचे इंच कर्णावर मोजतात, पण साध्या टॅब्लेटचे इंच बहुधा रुंदी बाय उंची असे सांगतात. 10 बाय 6.25 इंच म्हणजे 254 बाय 159 मि.मी., तुमच्यासाठी योग्य माप. ह्युऑनचा एच1060पी आणि एक्सपी-पेनचा डेको 01 व्ही2 या मापात येतात. वॅकॉमचा मध्यम याहून थोडा लहान असतो. मला दोन्ही मापं चालली असती, पण तुम्ही कोपरातून ओढणारे आहात म्हणून 10 इंचीकडे माझा कल आहे. मोठी पाटी सेटिंगमधून लहान करता येते, लहान पाटी मोठी होत नाही.

प्रेशरच्या, म्हणजे पेनाच्या दाबाच्या, पातळ्या 4096 की 8192 यावर एक रुपयाही जास्त देऊ नका, हाताला फरक लागत नाही. टिल्ट मात्र बघा. पेन किती कललंय हे टॅब्लेटला कळतं की नाही ही गोष्ट चपट्या ब्रशनं अक्षर काढणाऱ्याला कामाची आहे. वर सांगितलेल्या ह्युऑन आणि एक्सपी-पेनच्या टॅब्लेटांत ती आहे, वन बाय वॅकॉममध्ये नाही. नसली तरी अडत नाही, फोटोशॉपमध्ये ब्रश चपटा करून त्याचा कोन कायमचा बांधून ठेवता येतो, बोरूसारखा. जादा निब खोक्यात किती आहेत आणि पुढे सुट्या मिळतात का तेही विचारून ठेवा.

आपल्याकडच्या दमट हवेचा एक त्रास असतो. जून उजाडला की तळहाताची कड पाटीला चिकटते, हात सरकत नाही, आणि कोपरातून ओढणारा माणूस नकळत मनगटावर येतो. मग वाटतं टॅब्लेट बिघडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झाकणारा हातमोजा मिळतो. मी जुन्या सुती मोज्याला दोन भोकं पाडून बनवलाय, चार पावसाळे झाले.

टॅब्लेट आला की पहिल्या दिवशी ड्रायव्हर घाला, माऊस मोड नसून पेन मोड आहे याची खात्री करा, प्रमाण बांधा, आणि आठवडाभर एकही ‘काम’ काढू नका. पडद्यावर दोन ठिपके द्यायचे आणि एका झटक्यात जोडायचे, आधी जवळचे, मग लांबचे. रोज अर्धा तास. त्यानंतर नुसती शिरोरेषा, मग शिरोरेषेखाली ग म न, मग गोल अक्षरं. झूम शंभर टक्क्यांच्या आसपास ठेवा. फार झूम करून रेषा तुकड्यांत ओढायची सवय लागली की ती सुटत नाही, आणि तुमच्या हाताचा सगळ्यात मोठा गुण एका दमात येणारी रेषा हाच आहे.

सहा महिने झाले की टॅब्लेट खिडकीशी घेऊन जा आणि उजेडात तिरका धरा. तुमचाही चकचकीत चौकोन तयार व्हायला लागला असेल. तो पट्टीनं मोजा, आणि तो पाटीपेक्षा बराच लहान निघाला तर ड्रायव्हरमध्ये पाटीचा तेवढाच भाग पडद्याला जोडा. माप मला कळवा, 31 वर्षं ब्रश धरलेल्या हाताचा चौकोन केवढा येतो हे मला खरंच बघायचंय.